भारतीचं कन्यादान

हरिपूर, संस्थान सांगली
ता. २ डिसेंबर १९४६

ती. सयाजी दाजींस आकारामचा रामराम.

हितं समदी खुशाल हाय. तुमी खुशाल असणारच, कारण परवा सांगलीच्या बाजारात एका वर्तमानपत्रात तुमचा फोटू बगितला. गळ्यात हार एवढा की तोंड हुडकाय लागलं. खाली लिवलं व्हतं, 'साताऱ्याचे आबा'. राहीबाईला वाचून दाखवलं. ती म्हनली, "सगळ्या जिल्ह्याचं आबा झालं, बरं झालं. आता घरच्या पोरीचा नंबर कवा लागतोय तेवढं इचारा." बायकूचं बोलणं, मनावर घिऊ नका. पर म्हटलं, इचारावं.

तर कामाचं सांगतो. तुमच्या शेवंताचं लगीन ठरवलंय. शेवंता म्हनल्यावर तुमच्या ध्यानात यायचं न्हाई, म्हणून फोड करून सांगतो. बारशाला येऊन तुमी जिचं नाव भारती ठिवलं, आन पाळण्याच्या दोरीला हात न लावता भाषण करून गेला, तीच ही. भारती म्हणून तिला कुणी बी हाक मारत न्हाई. तिची आई, माझी आक्का, तिला शेवंता म्हणायची. आक्का गेल्यावर आमी म्हणतो.

पोरगा ज्ञानू, पलूसकडचा. लढाईत इटलीला व्हता, औंदा माघारी आलाय. बोलणं कमी, काम लय. शेवंतानं सोता बगून व्हय म्हटलंय.

आता खरी गोष्ट. आक्का गेली तवा तुमी भूमिगत व्हता. त्याबद्दल मी कवा बोललो न्हाई, बोलणार न्हाई. पर जाताना तिनं माझा हात धरून शब्द घेतलाय. शेवंताचा हात नवऱ्याच्या हातात तिच्या बापानंच द्यायचा, दुसऱ्या कुणी न्हाई. मी सुदीक न्हाई. "त्यास्नी एवढं एक काम ठिवलंय मी," म्हनली. म्हणून बोलावतोय. न्हाईतर तुमच्यावाचून हितं काय बी अडलं न्हवतं. वैशाखातला सवडीचा दिवस कळवा.

तुमचा मेव्हणा
आकाराम


सातारा
ता. २८ डिसेंबर १९४६

चि. आकाराम यास, जय हिंद.

पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला याची क्षमा मी मागणार नाही. तू संस्थानी रयत. राजेसाहेबांची स्वारी निघाली की मुजरा घालायचा आणि हळद जमिनीखालच्या पेवात भरायची, एवढ्यात तुझा जन्म जातो. इथे देश जन्माला येतो आहे. त्याच्या उशाशी कुणीतरी जागं बसावं लागतं, हे तुला हरिपुरात बसून कळायचं नाही. राहीबाईला तर नाहीच नाही.

तू पत्रात टोमणे मारतोस की मी पोरीचा बाप झालो नाही. अरे, राष्ट्र उभारणाऱ्याला एका घरचा बाप होऊन भागत नाही. गेल्या तीन वर्षांत मी खेडोपाडी गांधी-लग्नं लावली. हुंडा नाही, वाजंत्री नाही, भटजी नाही. खादीचं लुगडं आणि सुताचा हार. ज्या पोरींना बाप नव्हता, त्यांचा हात मी स्वतः दिला. त्या साऱ्या मला आबा म्हणतात. मग भारतीनं तरी मी तिचा एकटीचा असावं असं का म्हणावं? ती असं म्हणतही नसेल. हे तुझंच.

आता जावई. इंग्रजांसाठी इटलीत बंदूक चालवलेला माणूस माझा जावई! इथे आम्ही त्यांच्या कचेऱ्या बंद पाडत होतो आणि हे महाशय तिकडे त्यांचं राज्य राखत होते. तरीही पोरीनं होकार दिला असेल तर मी उदार मनानं घेतो. पण माझ्या अटी आहेत. लग्न गांधी-पद्धतीनंच होईल. भोवतालच्या गरिबांच्या आणखी तीन-चार जोड्या त्याच मांडवात बसतील, म्हणजे समाजाला उदाहरण होईल. नवऱ्या मुलानं खादीचं धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घालायची. त्याशिवाय मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, हे त्याला स्पष्ट सांग.

भारतीला अनेक आशीर्वाद. तिच्या उजव्या गालावरचा तीळ मला अजून डोळ्यांपुढे दिसतो.

सयाजीराव


हरिपूर
ता. २० जानेवारी १९४७

ती. दाजींस रामराम.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत धाडलाय. तुमी घ्या आन गोड बोला. माझ्याकडनं ते व्हईल असं वाटत न्हाई.

तीळ आक्काच्या गालावर व्हता. शेवंताच्या गालावर न्हाई, कवाच न्हवता.

देशाच्या उशाशी जागं बसाय लागतं म्हणता. बसा की. तुमची पोर विषमज्वरानं तापली तवा तिच्या उशाशी राहीबाई बसली. घड्या बदलून बदलून तिची बोटं पांढरी पडली. तिचा फोटू कुठल्या पेपरात आला न्हाई. तुमी भूमिगत असताना आमच्याच शिवेवर, बाळासोच्या मळ्यात आठवडाभर ऱ्हायला व्हता, हे मला मागनं कळलं. शेवंता रोज त्याच बांधावरनं वैरणीला जायची. बगितली असंल की तुमी. पोलिसांच्या भ्यानं हाक मारली नसंल, असं मी आपलं मनाला सांगतो.

ज्ञानूनं इंग्रजाची चाकरी केली, खरं हाय. घरात चूल पेटावी म्हणून गेला. पर इटलीच्या डोंगरातनं दर म्हैन्याला त्यानं आईला कार्ड लिवलं. सातारा इटलीपेक्षा लांब हाय का वो दाजी?

तरी बी तुमच्या अटी कबूल. आक्काच्या शब्दासाठी कबूल, तुमच्या देशासाठी न्हवं. गांधी-लग्न करू. गावातल्या दोन जोड्या हायत, आटपाडीकडची एक आन आपली एक. टोपीचं ज्ञानूला सांगितलं. तो म्हनला, "धोतर नेसीन. पर कोट काढायचा न्हाई. हा घालून मी जिता माघारी आलोय." पुढं तो काय करंल ते तो जाणे. मी तुमाला आधीच सांगून ठिवलंय, मागनं बोलू नका.

आकाराम


सातारा
ता. १९ एप्रिल १९४७

चि. आकाराम यास, जय हिंद.

फार घाईत लिहितो. रविवार, ११ मे पक्की. सकाळी कराडला सभा आहे, दुपारी तुझ्याकडे आणि रात्री खंडाळ्याला बैठक. मोटारीची सोय झाली आहे. तुझ्या मांडवाला पाऊण तास देता येईल, त्यात भाषण आलं. वर्तमानपत्राचा माणूस फोटोच्या पेटीसह बरोबर असेल.

आपली पद्धत तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. साऱ्या नवऱ्या मुली एका रांगेत पाटावर बसतात. प्रत्येकीच्या मागे तिचा बाप उभा राहतो आणि हातात हात देतो. भारतीच्या मागची जागा माझ्यासाठी मोकळी ठेव. दुसऱ्या कुणाला तिथे उभं करू नकोस.

कोटाचं मी वाचलंच नाही असं समज. माझा शब्द अजून या जिल्ह्यात कुणी मोडलेला नाही, काल आलेला जावई काय मोडणार!

सयाजीराव


सातारा
ता. २५ मे १९४७

चि. आकाराम यास, जय हिंद.

गेले पंधरा दिवस मी हवेत आहे म्हण. हजार सभा केल्या, पण त्या मांडवात जे झालं ते कधी झालं नाही. मी तिच्या मागे उभा राहिलो. "भारती," अशी हाक मारली. पोरीनं पदराआडून वर पाहिलं, आणि काय सांगू, तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. हात जावयाच्या हातात दिला तरी माझं बोट सोडेना. "आबा," एवढंच म्हणाली. मलाही भरून आलं. तू आयुष्यभर मला टोचत आलास की पोरीला बाप नाही. बघितलंस ना? रक्त रक्ताला ओळखतं.

जावई पसंत आहे. स्वच्छ धोतर, खादीचा सदरा, डोक्यावर टोपी, मान खाली. माझ्या एका पत्रानं शिपायाचा माणूस झाला. तू उगाच कोटाच्या गोष्टी लिहून मला भेवडावत होतास.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपली. रांगेच्या टोकाला तो कोण होता रे, खाकी कोटवाला? देश स्वतंत्र व्हायला आला आणि हा इंग्रज राजाची पितळी बटणं लावून बोहल्यावर! मला राहवलं नाही. भाषणात मी त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "असली माणसं आपल्या राष्ट्राच्या पायातला काटा आहेत. ह्याच्या सासऱ्याची मला कीव येते." मांडव एकदम चिडीचूप झाला. शब्द वर्मी लागला असणार.

आणि त्या सासऱ्यानं तरी काय दिवे लावले होते? पोरीच्या मागची जागा मोकळीच! पोटच्या पोरीच्या लग्नाला बाप हजर नाही. असले बाप या देशात आहेत, आकाराम, म्हणून आमच्यासारख्यांना घरदार सोडून हिंडावं लागतं.

तू मात्र खांबाला टेकून तोंड पाडून उभा होतास. मोटारीचा भोंगा वाजत होता, त्यामुळे तुझ्याशी बोलता आलं नाही. वर्तमानपत्राचं कात्रण सोबत पाठवतो. 'राष्ट्रकार्यातून सवड काढून आबांनी केलं कन्यादान' असं छापलंय. भारतीला चौकटीत लावायला दे.

सयाजीराव


हरिपूर
ता. ८ जून १९४७

ती. दाजींस रामराम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पयल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा कपाळ बडवून घेतलं. तिसऱ्यांदा राहीबाईला वाचून दाखवाय बसलो, पर ती मधनंच उठून गोठ्यात गेली.

दाजी, ती शेवंता न्हवती.

तुमी जिच्या मागं उभं ऱ्हायला ती सोना, आटपाडीच्या बनुबाईची पोर. तिचा बाप ब्रह्मदेशात लढाईत मेला. तुमच्याच भाषेत सांगायचं तर इंग्रजाचा शिपाईगडी. म्हणून तिच्या मागची जागा मोकळी व्हती. आन टोकाला, खाकी कोटवाल्याशेजारी बसली व्हती ती शेवंता. तिच्या मागची जागा बी मोकळी व्हती. तुमीच लिवलं व्हतं न्हवं, दुसऱ्या कुणाला तिथं उभं करू नको म्हणून?

मांडवात चार पोरी. सगळ्यांची लुगडी सारखी, मुंडावळ्या सारख्या, पदर सारखं. दोघींच्या मागं बाप उभं. दोन जागा मोकळ्या. तुमी मोटारीतनं उतरला, ताठ मानेनं आत आला, आन पोरींकडं बगितलंच न्हाई. नवऱ्या पोरांकडं बगितलं. ज्याच्या डोक्यावर टोपी तो आपला, असं ठरवून टाकलं. मी शंभरदा डोक्यात फिरवून बगितलं. दुसरं काय कारण घावत न्हाई. शेवंता समोरनं बगत व्हती. तिनं तुमाला मोटारीच्या दारापासनं वळखलं व्हतं.

तुमी सोनाला भारती म्हनला. त्या बिचारीला वाटलं, पुढारी माणूस देशातल्या समद्याच पोरीस्नी भारती म्हणत असंल. बापाच्या मोकळ्या जागी कुणीतरी आलं, म्हणून ती रडली. तिचं रडणं खरं व्हतं, तेवढं तुमच्या पत्रात बरोबर हाय.

तुमी इचाराल, मग तू का बोंबलला न्हाईस? बोंबलणारच व्हतो. खांबापासनं दोन पावलं पुढं आलो व्हतो. पर शेवंतानं मान वर केली आन हळूच म्हनली, "मामा, ऱ्हाऊ द्या. तिला बाप मिळालाय, मिळू द्या." मग मागच्या जागेकडं डोळ्यानं दावून म्हनली, "हितं तुमी या."

गेलो. आक्काला दिलेला शब्द मोडला. तुमी तोंड फोटूवाल्याकडं ठिवून, त्या कोटाकडं बोट करून सासऱ्याची कीव करत व्हता, तवाच मी शेवंताचा हात ज्ञानूच्या हातात दिला. त्याला राग आला न्हाई. त्यानं फकस्त कोटाचं वरचं बटण लावलं. गर्दीतलं एक म्हातारं मला म्हनलं, "आबा कुणाबद्दल बोलत्यात रं?" मी म्हटलं, "सोताबद्दल."

दाजी, तुमच्याच तोंडचं सांगतो, असले बाप या देशात हायत. कात्रण माघारी धाडलंय. चौकट तुमीच आणा.

आकाराम


सातारा
ता. २ ऑगस्ट १९४७

रा. रा. आकारामपंत यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र जवळजवळ दोन महिने खिशात घेऊन हिंडलो. त्या दिवशी कराडला ऊन फार होतं. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. गर्दीत अशी चूक कुणाकडूनही होऊ शकते. लुगडी सारखी असावीत ही पद्धत माझीच होती, हेही खरं.

एवढीच विनंती की ही गोष्ट बाहेर जाऊ नये. वर्तमानपत्रात छापून आलं आहे. विरोधक टपून बसले आहेत. आता देश उभारायचा, तर लोकांचा माणसांवर विश्वास राहायला हवा. तुम्हाला काय वाटेल ते मला म्हणा, पण कामाला धक्का लागू देऊ नका.

येत्या पंधरा तारखेला इथे झेंडा माझ्या हातानं चढायचा आहे. भारतीनं जावयांसह यावं आणि व्यासपीठावर माझ्या शेजारी उभं राहावं अशी माझी फार इच्छा आहे. जावयांनी कोट घातला तरी चालेल. फक्त बटणं बदलून घ्यावीत.

आणखी एक. तिचा एखादा अलीकडचा फोटो असेल तर आधी पाठवून द्यावा.

सयाजीराव


मु. पो. पलूस
ता. २० ऑगस्ट १९४७

साताऱ्याचे आबा यांस शेवंताचा नमस्कार.

तुमचं पत्र मामांनी माझ्याकडे दिलं. म्हणाले, "मला आता शिव्याच सुचत्यात, तू लिव." म्हणून लिहिते. मी सातवी पास आहे. तुम्हाला हे ठाऊक नसेल.

आम्ही साताऱ्याला आलो नाही. इथे शाळेपुढे झेंडा लावला, तिथे गेलो. यांनी कोट घातला होता आणि बटणं तीच होती. झेंडा वर गेला तसा यांनी सलाम ठोकला. सगळी माणसं बघत राहिली, कारण असा सलाम गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हता. तुमच्या राष्ट्राच्या पायात काटा बिटा काही शिरला नाही. फडफड चांगली चालली होती.

फोटो पाठवत नाही. ज्या बापाला पोर ओळखायला फोटो लागतो, त्यानं वर्तमानपत्रातला बघावा. त्यात सोना आहे, तुमच्या शेजारी, रडताना. तिला मी परवा बाजारात भेटले. लग्नात सासरचं नाव ठेवतात, तसं तिच्या सासरच्यांनी तिचं नाव भारती ठेवलंय. आबांनी स्वतः मांडवात हाक मारली, मग दुसरं कशाला शोधायचं, असं म्हणाले. ते कात्रण तिनं देव्हाऱ्याशेजारी चिकटवलंय. तिला वाटतं, चार पोरींतून तुम्ही तिलाच निवडलं. तिला कुणी खरं सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. तुमची चूक बाहेर जाणार नाही. पण ते तुमच्या कामासाठी नाही, तिच्यासाठी.

म्हणजे तुमच्या भारतीचं कन्यादान तुम्हीच केलंत. ते नाव तिला गेलं, मला त्याचा उपयोग नव्हता. आईनं तुमच्यासाठी एक काम ठेवलं होतं, तेही झालं म्हणायचं. सणासुदीला तिच्याकडे जात जा. ती तुम्हाला ओळखेल.

मामांना माहीत नाही अशी एक गोष्ट तेवढी सांगायची आहे. तुम्ही बाळासोच्या मळ्यात लपला होतात तेव्हा मी एकदा विहिरीपाशी आले होते. घरात तुमचा फोटो आहे, आई रोज पुसायची, म्हणून मी तुम्हाला लांबूनच ओळखलं. वैरणीचा भारा खाली टाकला आणि उभी राहिले. तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्या दिला. तुम्ही पाणी प्यालात, तोंड पुसलंत आणि विचारलंत, "कुणाची गं तू?"

तुम्हीच सांगाल म्हणून मी वाट बघत राहिले. तुम्ही तांब्या परत दिलात. मग मी म्हटलं, "आकारामची." तुम्ही "बरं" म्हणालात आणि खोपटात गेलात.

परवा झेंड्याच्या गर्दीत एका म्हातारीनं मला तेच विचारलं. मी तेच सांगितलं.

शेवंता